मामांचा आरसा

आमचे मामा पाण्याचे मीटर दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात आरसा घासायचे. भिंतीवरचा नव्हे, दुर्बिणीचा. मागच्या खोलीत एक पिंप होतं. त्यावर जाड काचेची तबकडी, तिच्यावर दुसरी, मधे वाळूसारखी पूड आणि पाणी. वरची काच पुढेमागे सरकवत मामा पिंपाभोवती फिरायचे. मामी त्यांना घाण्याचा बैल म्हणायची आणि चहा आणून द्यायची. चहा मात्र दाराबाहेर. कपाची वाफ आत आली तर आरशाची तपासणी चुकते, असं मामांचं म्हणणं होतं.

लग्न झाल्या झाल्या मामांनी तिला सांगितलं होतं, की शनीची कडी तुला माझ्या दुर्बिणीतून दाखवीन. मामीने ते मनावर घेतलं. पुढे एकदा जवळच्या शाळेत कोणी मोठी दुर्बीण आणली, सगळी गल्ली रांगेत उभी राहिली. मामीही निघाली. मामा म्हणाले, दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघणं म्हणजे उष्टं खाणं. ती चप्पल काढून परत आत गेली. त्या दिवशी मला मामांचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

बरं, आरसा होत का नव्हता? तर तो बिनचूक हवा होता. मधे उंचवटा दिसला की घासायचा. घासला की तिथे खड्डा. खड्डा काढावा तर कड खाली वाकायची. आगीतून फुफाट्यात. आता पुरे, वाकलेली कड काळ्या कागदाने झाका आणि उरलेल्या आरशातून दिसेल ते बघा, असं मी सांगितलं, तर त्यांनी माझ्याशी अबोला धरला. गल्लीत त्यांना 'उद्यामामा' म्हणत आणि ते त्या हाकेलाही ओ देत.

मग मामीला दारात आलेल्या माणसाचा चेहरा दिसेना. ती आवाजावरून ओळखू लागली. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, यावर ऑपरेशन नाही. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल.

मामांनी घासणं थांबवलं. काचेवर चकचकीत मुलामा चढवून आणला, वाकलेल्या कडेवर गुपचूप काळा कागद लावला आणि जुन्या पाइपात आरसा बसवला. दिवेलागणीला आम्ही तिघं गच्चीवर गेलो. मामांनी शनी धरून दिला. मामी वाकली, बघत राहिली.

"मधे नुसता करडा डाग आहे," ती म्हणाली.

मामा कठड्याला टेकले. वरातीमागून घोडं, हे मी मनातच म्हटलं. मग मामा पुढे आले.

"अगं, समोर बघूच नकोस. मंद तारा आम्ही असाच बघतो. नजर जरा बाजूला ठेव, लक्ष मात्र त्याच्यावर."

तिने मान न हलवता नजर सरकवली.

"लांबट आहे," ती म्हणाली. "दोन्हीकडे कान आहेत त्याला."

मग ती सरळ झाली आणि मामांकडे वळली, पण नजर त्यांच्या खांद्यापलीकडच्या कपडे वाळत घालायच्या तारेवर ठेवली. बराच वेळ ठेवली.

"अहो," ती म्हणाली, "दाढी वाढलीय तुमची."

मामांना रडू फुटलं. मी घाईने दुर्बिणीला डोळा लावला. शनी तिच्यातून केव्हाच सरकून गेला होता, तरी मी बघत राहिलो.