दारापर्यंत आलेलं ताट

माझा वाढदिवस संक्रांतीला येतो. लोकांना ऐकून मजा वाटते. शाळेला सुट्टी, घरात तिळगूळ, गड्ड्याच्या मैदानावर जत्रा, आणखी काय पाहिजे. लहानपणी मलाही तसंच वाटायचं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका जाता जाता मलाही ओवाळून जायच्या. पहिलं ओवाळणं आईचं. तिच्या हातातलं निरांजन तोंडाभोवती फिरलं की गालाला ऊब लागायची.

मी सातवीत असताना वडील गेले. टॉवेलच्या कारखान्यात, मागावरच छातीत कळ आली. वर्षभर घरात सण नव्हता. त्याच्या पुढच्या संक्रांतीला आईनं नेहमीसारखं ताट केलं. हळद, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. वात लावली. ताट उचलून दारापर्यंत आली आणि खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंच्या हातात दिलं. स्वतः स्वयंपाकघराच्या दाराआड राहिली. पाटावरून मला तिच्या पायाची बोटं तेवढी दिसत होती.

नवरा मेला की बाईनं ओवाळायचं नाही. पोटच्या लेकरालाही नाही. तिनं राबून त्या लेकराला खाऊ घातलेलं चालतं, आजारपणात रात्र रात्र उशाशी बसलेलं चालतं, फक्त त्याच्यासमोर दिवा धरलेला चालत नाही. हा नियम कुणी केला विचारा, कुणी पुढं येणार नाही. पाळायला मात्र अख्खी गल्ली हजर. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत शेजारणी वाण लुटत हिंडतात आणि आमच्या दाराशी आल्या की आवाज खाली घेतात. लोक याला समजूतदारपणा म्हणतात. मी हिंसा म्हणते.

हे सगळं मी पुढं पत्रकांत लिहिलं. दुचाकीला गठ्ठे बांधून अक्कलकोटकडच्या गावांत वाटलं. विधवांच्या या प्रथा बंद करायचा ठराव घ्या म्हणून ग्रामसभेत भांडले. काही गावांनी घेतलाही. एका सभेत मागून एक म्हातारी बोलली, "बाय, तुजी आई तुला ववाळती का? त्ये सांग आदी." सगळ्या हसल्या. प्रश्न चोख होता. येत्या संक्रांतीला आईच ओवाळणार, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

घरमालकीणबाई, आईच्या अक्का, विणकराच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, मनानं चांगल्या. आदल्या दिवशी मी त्यांना सांगितलं, उद्या वर येऊ नका. "बरं बाई लीडर," म्हणाल्या.

सकाळी मी पाटावर बसले. आईनं वात लावली आणि जिन्याकडं बघितलं.

"अक्का आल्या न्हाईत अजून?"

"येणार नाहीत. तू ओवाळ."

"काय बी बोलू नगंस."

"माझ्या पत्रकांच्या घड्या तूच घालून देतेस की."

"देती की. वाचती बी. समदं खरं हाय त्यातलं."

"मग?"

ती ताट धरून उभीच राहिली. "तू गाडीवर हिंडतीस. उसाच्या ट्रॉल्या असत्यात रस्त्याला, मागं दिवा न्हाय काय न्हाय. उद्या कुटं काय झालं, तर लोक म्हणतील त्ये म्हणू देत. लोकांचं न्हाय मला. पर माजंच मन म्हणंल, तूच ववाळलं हुतंस. तुज्या बापाला पाडव्याला मीच ववाळलं हुतं. म्हैन्यात गेलं. आता माज्या मनाला तू कंचं पत्रक वाटशील?"

 

आईनं जिन्यात वाकून हाक मारली, "अक्का, जरा वर या की." बाई ओले हात पुसत आल्या. पाटाकडं बघून म्हणाल्या, "काय लीडरबाई, मोर्चा मागं घेतला?"

"वात सरत आलीया, अक्का," आई म्हणाली.

मला उठता आलं असतं. पण उठले असते तर दिवा तसाच विझला असता, आणि आईनं त्याचाही अर्थ लावला असता. मी मान खाली घातली. बाईंनी कुंकू लावलं, ओवाळलं. ताट खाली ठेवलं तेव्हा आईचे खांदे सैल पडले. मी ते बघितलं. इतकी वर्षं मला वाटायचं, तिला बाहेरचं कुणी अडवतंय. अडवणारे आहेतच, त्यांना मी सोडणार नाही. पण ते कधीच तिच्या आत जाऊन बसलेत, आणि तिथं ग्रामसभा भरत नाही.

मग तिनं माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. एवढं तिला चालतं.

"आजच्या दिस गाडी काढू नगंस."

दुपारी कुंभारी गावात बैठक होती. मी किल्ली घेऊन उतरले. त्या दिवशी गाडी फार हळू चालवली, ट्रॉली दिसली की कडेला थांबत. मला काही झालं असतं, तर आपण ओवाळलं नाही म्हणूनही तिनं स्वतःलाच दोष दिला असता.