काटेवाल्यांनी नापास केलेला स्पीकर

दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायचे, बिघडले असतील तर नीट करायचे, हे काम ज्याने एक्केचाळीस वर्षं केलं, त्या माणसाने पाहुण्याला बसवण्याआधी खुर्ची हलवून पाहिली तर त्यात नवल नाही. त्यांना सगळे काटेवाले म्हणत. बायकोही दुसऱ्याशी बोलताना 'आमचे काटेवाले' असंच म्हणे, आणि त्या म्हणण्यात कौतुक किती आणि तक्रार किती हे कोणालाच सांगता आलं नसतं.

वय अडुसष्ट. मंगळवारी आणि शुक्रवारी ते फेरीला निघत. खांद्याला पिशवी, पिशवीत लाकडी पेटी, पेटीत मखमलीच्या खळग्यांत बसवलेली पितळी वजनं आणि एक चिमटा. वजनाला बोट लावायचं नाही, बोटाचा घामही वजनात भर घालतो, असं ते नव्या दुकानदाराला सांगत. जुन्या दुकानदारांना ते पाठ होतं. काटेवाले तोंड उघडण्याआधीच ते म्हणत, "हो, घाम."

त्यांच्या बायकोच्या नजरेत चारेक वर्षांपासून मधोमध एक करडा डाग आला होता. कडेचं दिसे, मधलं दिसत नसे. समोर माणूस उभा राहिला की कान दिसत, चेहरा जाई. काटेवाल्यांना वाईट वाटे, पण ती म्हणे, "चेहरा पाठ आहे. कान पूर्वी नीट पाहिले नव्हते, ते आता पाहते." घर तिला हाताने ठाऊक होतं. स्वयंपाक करी, कपडे वाळत घाली, आणि मंगळवार-शुक्रवारची वाट पाही. ते दोन दिवस घर तिचं एकटीचं असे.

दोन महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी ती स्वयंपाकघरात पाय मुरगळून खाली बसली. उठता येईना. फोन ओट्यावर, ती फरशीवर. साडेतीन तास ती तशीच बसून राहिली. काटेवाले घरी आले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "आज दुकानं जास्त होती का?" त्या प्रश्नाने त्यांना जे झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी फेरी बंद केली.

पाय तीन आठवड्यांत बरा झाला. पण काटेवाले घरीच. ती मोरीत गेली की दाराशी, गच्चीत गेली की जिन्यात. "पडलीस तर?" हा त्यांचा दिवसभराचा प्रश्न. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. तिने फोनवर शांतपणे दोन रस्ते मांडले. एक तर आईला नुसतं बोलून फोन लावता येईल असा स्मार्ट स्पीकर घरात हवा आणि तिला तो वापरता आला पाहिजे. नाही तर घराला कुलूप लावून दोघांनी तिच्याकडे राहायला यायचं. महिनाअखेरच्या रविवारी ती येणार होती, आणि त्या दिवशी काय ते ठरणार होतं.

आईला लेकीकडे जायचं नव्हतं. लेक गोड होती, जावई त्याहून गोड. पण तिथलं एकही कपाट तिच्या हाताला ठाऊक नव्हतं. तिथे ती खरी आंधळी होणार होती.

"तुम्ही तेवढा स्पीकर निवडा," ती काटेवाल्यांना म्हणाली. चूक झाली ती इथेच.

लेकीने दोन स्पीकर पाठवले. एक गोल, नारळाएवढा. दुसरा उभा, डब्यासारखा. न आवडेल तो महिनाभरात परत करता येणार होता. तिसरा खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी आणून दिला. त्यांना मुलांनी नवीन घेऊन दिला होता आणि हा जुना कपाटात पडून होता. त्याच्या जाळीचं कापड एका कोपऱ्यात उसवलं होतं. काटेवाल्यांनी तो हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला, आणि नर्सबाई जिना उतरेपर्यंत कसाबसा दम धरून म्हणाले, "यालाही तपासू. अन्याय नको."

मग बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर तपासणी सुरू झाली. आधी त्यांनी टेबलावर लेव्हलची नळी ठेवली. बुडबुडा किंचित डावीकडे जात होता. एका पायाखाली पुठ्ठा सारला. बायकोने आतून विचारलं की बोलणारं यंत्र उतारावर ठेवलं तर शब्द घरंगळतात का.  काटेवाले वही आखत होते.

काटा तपासताना वजन आधी मधोमध ठेवायचं, मग ताटाच्या चारही कोपऱ्यांत, आणि प्रत्येक ठिकाणी तीनदा. त्यांनी तसंच केलं. टेबलासमोर उभं राहून विचारलं, मग खोलीच्या चारही कोपऱ्यांत जाऊन विचारलं. प्रश्न एकच: आज वार कोणता? दुकानात मालकाला मागच्या कोठारापर्यंत ऐकू जाईल असा त्यांचा आवाज, सराव झालेला. तीन यंत्रं, पाच जागा, तीन वेळा. त्या दिवशी बुधवार होता हे समोरच्या घरातल्यांनासुद्धा पंचेचाळीस वेळा कळलं.

उत्तरं बरोबर होती, पण काटेवाल्यांचं समाधान होईना. उभा स्पीकर एकदा "आज बुधवार आहे" म्हणाला आणि पुढच्या वेळी "बुधवार, तुमचा दिवस छान जावो" म्हणाला. तोच माल ठेवल्यावर काटा दुसरा आकडा दाखवतो का? त्यांनी वहीत लिहिलं, 'वाचन स्थिर नाही.' मग त्यांनी एक लिटर पाण्याचं वजन विचारलं. उभा म्हणाला, सुमारे एक किलो. काटेवाल्यांनी पेन खाली ठेवलं आणि बायकोला बोलावून सांगितलं की 'सुमारे' म्हणणाऱ्या यंत्राला ते घरात ठेवणार नाहीत. गोल स्पीकरने पाणी किती गरम आहे त्यावर वजन अवलंबून असतं असं सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की जणू अनेक वर्षांनी बरोबरीचं कोणी भेटलं.

नर्सबाईंच्या जुन्याचं काही खरं नव्हतं. तो उत्तर देण्याआधी थांबे. प्रश्न विचारून झाला की दोन-अडीच सेकंद नुसता शांत, मग बोले. काटेवाल्यांनी घड्याळ लावून पाहिलं. 'मंद' असा शेरा मारला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

हे दहा दिवस चाललं. मधल्या काळात गोल स्पीकरला काटेवाल्यांच्या आवाजाची ओळख करून दिली गेली. रोज सकाळी ते त्याला तापमान विचारत आणि खिडकीतल्या तापमापकाशी ताडून पाहत. बायको भाजी चिरता चिरता सगळं ऐके. एकदा नर्सबाईंनी तिला विचारलं की तुला कुठला आवडला, तर ती म्हणाली, "मला अजून कोणी भेटवलेलं नाही."

रविवारी लेक येणार, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी काटेवाल्यांनी निकाल जाहीर केला. गोलाला शंभरपैकी चौऱ्याण्णव. उभ्याला एकसष्ट. जुन्याला अडतीस, म्हणजे नापास, आणि त्यातलेही पाच गुण नर्सबाईंच्या चांगुलपणाचे.

"झालं तुमचं?" बायकोने विचारलं.

"झालं."

"मग आता मी पाहते."

ती स्वयंपाकघरात गेली. काटेवाल्यांना वाटलं पदर खोचून, हात पुसून येईल. ती आलीच नाही. ते आत गेले, तर ओट्याच्या कोपऱ्याशी, त्या दिवशी बसली होती अगदी तिथेच, ती फरशीवर बसली होती. नळ सोडलेला होता. ते तिला उठवायला वाकले. पण ती शांत होती. तिथूनच तिने गोलाला त्याच्या नावाने हाक मारली. बाहेरच्या खोलीतून काही उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारली. काही नाही.

"नळ चालू आहे," काटेवाले म्हणाले. "आणि इतक्या हळू नाही बोलायचं. ते टेबलाजवळ जाऊन..."

"मी काय पडताना टेबलाशी जाऊन पडू?"

 उभ्या आयुष्यात काटेवाल्यांनी एकही काटा स्वतःच्या टेबलावर तपासून पास केला नव्हता. मासळीवाल्याचा काटा ओल्या फळीवर, भंगारवाल्याचा अंगणातल्या खडीवर. जिथे वापरायचा तिथे, आणि ज्याने वापरायचा त्याला माल ठेवायला लावून. नव्या दुकानदाराला ते हेच ऐकवत. आणि घरच्या या एका तपासणीत त्यांनी दहा दिवस आपल्याच आवाजात आपलेच प्रश्न विचारले होते. तिला एकदाही बोलावलं नव्हतं. बोलावलं होतं म्हणा, 'सुमारे'बद्दल तक्रार सांगायला.

ते वाद न घालता बाहेर गेले आणि तिन्ही यंत्रं आणून ओट्याच्या वरच्या फळीवर मांडली. लेव्हलची नळी आणली नाही. नळ बंद करायला हात पुढे केला, मग त्यांचं त्यांनाच सुचलं आणि तो तसाच वाहू दिला. मग तेही फरशीवर तिच्या शेजारी बसले. गुडघे कुरकुरले.

तिचं बोलणं पहिल्यापासून रमतगमत. वाक्य सुरू करायचं, मध्ये थांबायचं, नाव आठवायचं, मग पुढे जायचं. तिने गोलाला हाक मारली आणि म्हणाली, "जरा... आपल्या हिला..." तेवढ्यात गोल म्हणाला, मला समजलं नाही. तिने पुन्हा सुरुवात केली. त्याने पुन्हा अर्ध्यात तोडलं. तिसऱ्यांदाही तेच.

"हुशार आहे," ती म्हणाली. "पण मध्ये बोलणारं एक माणूस घरात आहे. दुसरं कशाला?"

उभ्याने तिच्या अर्ध्या वाक्यावर बासरी लावली. ती बासरी बंद करायला काटेवाल्यांना उठावं लागलं.

मग जुना. तिने त्याला हाक मारली. "जरा... आपल्या हिला... लेकीला गं... फोन लाव." जुना गप्प राहिला. तिचं झालं आहे की अजून काही यायचं आहे, याचा जणू अंदाज घेत होता. दोन सेकंद. अडीच. काटेवाल्यांचा हात सवयीने घड्याळाकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. मग जुना म्हणाला की लेकीला फोन लावतो आहे, आणि फळीवरून रिंग वाजू लागली.

लेकीने लगेच उचलला. "आई? काय झालं?"

"काही नाही. जमिनीवर बसले आहे."

"पडलीस? बाबा कुठे आहेत?"

"तेही जमिनीवर आहेत."

पुढची पाच मिनिटं लेकीची समजूत घालण्यात गेली. ती निवळल्यावर आधी हसली, मग थोडी रडली. काटेवाले छताकडे पाहत होते. रडू आवरल्यावर तिने विचारलं की मग कुठला ठरला. आईने बाबांकडे, म्हणजे त्यांच्या डाव्या कानाकडे पाहिलं. काटेवाल्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की नर्सबाईंचा. आणि कोणी विचारलं नसतानाही जोडून दिलं की त्याचं कापड ते शिवून घेतील.

रविवारी लेक आली, तिने आईला फरशीवर, मोरीच्या दारात आणि पलंगाशी बसवून पाहिलं, आणि कुलपाचा विषय न काढता सोमवारी परत गेली. जाताना गोल आणि उभा घेऊन गेली. गोलाला खोक्यात ठेवताना काटेवाल्यांनी त्याला शेवटचं तापमान विचारलं, हे तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मंगळवारी बायकोने पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पायताणं घातली, काढली, पुन्हा घातली. पाणी भरलं आहे का विचारलं. जुना चालू आहे का विचारलं. ती म्हणाली, "दुकानदार तुमची वाट पाहत असतील. मी तर पाहतेच आहे, तुम्ही कधी जाता याची."

पहिलं दुकान किराण्याचं. दोन महिन्यांत तिथला काटा वीस ग्रॅमने बिघडला होता. काटेवाले पेटी उघडून बसले, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. दुकानदाराने त्यांना चक्क बोटांनी वजन उचलताना पाहिलं आणि काळजीने स्वतःच चिमटा पुढे केला. अकरा वाजले तसे काटेवाल्यांनी चिमटा खाली ठेवला आणि घरी फोन लावला.

तिने सांगितल्यावर जुन्याने तो घेतला. मागे कोणीतरी खणखणीत आवाजात काही वाचत होतं, ते थांबलं.

"अगं, मी बोलतोय. ठीक आहेस ना?"

"ठीक आहे."

"पाय?"

"दोन आहेत." मग तिचा आवाज जरा जवळ आला. "अहो, मी गोष्ट ऐकते आहे. आत्ताच एकाचा खून झालाय आणि घरातल्या सगळ्यांवर संशय आहे. आता नका बोलू."

"बरं, पण संध्याकाळी मी..."

पुढचं ती त्यांच्याशी बोललीच नाही. ती जुन्याशी बोलली. तिच्या चालीने, सावकाश, मध्ये थांबून. "आता... हा फोन... बंद कर." मग शांतता. दोन सेकंद. अडीच. काटेवाले फोन कानाला लावून दुकानाच्या मधोमध उभे होते आणि जुना त्यांना कापणार की नाही याची वाट पाहत होते.

कापलं.

"घरी सगळं बरं ना?" दुकानदाराने विचारलं.

"उत्तम," काटेवाले म्हणाले. "मला बंद केलं तिने."

त्यांनी फोन खिशात टाकला, बाही वर सारली, आणि त्या दिवशी उरलेली सहाही दुकानं केली.