‘आय!’ हा फ्रेंच शब्द आहे

लिहिण्याची मला सवय नाही. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. धाडस करतोय, माफ करा. ही माफी फक्त वाचणाऱ्यांकडे मागतो. दुसऱ्या कुणाकडे नाही.

सर फ्रेंच उद्गार शिकवत होते. काम बिघडलं की ‘झ्युत!’ नवल वाटलं की ‘ओ ला ला!’ वाईट वाटलं की ‘एलास!’ मग त्यांनी मला उभं केलं. इतर मुलांना ते अहोजाहो करत. मला अरेतुरे.

“पायावर धोंडा पडला तर फ्रेंच माणूस काय ओरडेल?”

मी म्हणालो, “आय!”

“हे तुझं रावेत गाव नव्हे. आयला घरी ठेवून येत जा.”

मागून कुणीतरी ओरडलं, “आयला!” वर्गात हशा पिकला. सरही हसले. त्या दिवसापासून माझं नावच ‘आयला’ पडलं. जिन्यात, नळावर, सगळीकडे.

महिनाभर मान खाली घालून हिंडलो. मग एकदा वाचनालयात मोठा फ्रेंच शब्दकोश उघडला. तिथं होता. वेदनेचा उद्गार. उच्चार ‘आय’.

तो कोश मी भर वर्गात सरांपुढं ठेवला. त्यांनी वाचलं. कोश मिटला.

“कोशात असेल. तुझ्या तोंडात ते फ्रेंच नाही. या उद्धटपणाची सगळ्यांसमोर माफी माग. नाहीतर टर्म देणार नाही. परीक्षेला कसा बसतोस बघतो.”

“चूक तुमची आहे, सर,” मी म्हणालो. आवाज फाटला. पण म्हणालो.

माझे वडील, आबा, पिंपरीला औषधांच्या नव्या कारखान्याच्या बांधकामावर आहेत. ते म्हणाले, “माग की माफी. वाकल्यानं काय झिजतं का, लेका?” मग मी त्यांना सर आयवरनं काय बोलले ते सांगितलं. आबा उठून उभे राहिले.

“तुझ्या आयवरनं बोलला व्हय? मग न्हाई मागायची.”

नाही मागितली. आठ दिवस वाट पाहिली.

काल कॉलेजचं पोस्टकार्ड आलं. टर्म नामंजूर. वर्ष गेलं. खाली कारकुनानं लिहिलंय, दुसरा विषय घेतल्यास पुढील वर्षी अडचण येणार नाही.

आजच उत्तर टाकलं. विषय फ्रेंचच. वर्ग सरांचाच. वर्षभर त्यांची एकेक चूक उभा राहून, मोठ्यानं, सगळ्यांसमोर दाखवणार आहे. एकही सोडणार नाही.