आबांची परवानगी

"मॅडम, आबा गेले. टोपी काढली तर चालंल का?"

क्लिनिक अजून उघडायचं होतं तेव्हा हा फोन आला. पलीकडे प्रशांत होता. नाव बदललं आहे. त्याच आठवड्यात मी त्याचं हेअर ट्रान्सप्लांट केलं होतं. आबा म्हणजे त्याचे वडील, सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. सर्जरीच्या दिवशी ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या वेटिंग रूममध्ये पाठ न टेकता बसून होते. असा माणूस चार दिवसांत जातो हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

"कसं काय झालं?"

"पहाटं रानात जायला बूट घालत होते. बसल्या जागीच गेले. मी आत्ता सांगलीतनं निघतोय."

टोपीचा प्रश्न उगाच नव्हता. सर्जरीनंतर डोकं झाकायला ती मीच दिली होती. मी त्वचारोगतज्ज्ञ. क्लिनिक सांगलीत विश्रामबागला आणि दर गुरुवारी साताऱ्यात ओपीडी. ट्रान्सप्लांट म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. टक्कल पडलं तरी डोक्याच्या मागच्या बाजूचे केस सहसा टिकतात. ते आम्ही मुळासकट एकेक करून काढतो. त्या मुळाला ग्राफ्ट म्हणतात. पुढच्या उघड्या भागात बारीक छिद्रं पाडून तिथं ते रोवायचे. एका वाफ्यातलं रोप दुसऱ्या वाफ्यात लावावं, तसंच. रोप धरेपर्यंत त्याला हात लागता कामा नये. पेशंटनं वाकायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, ऊन, धूळ, धूर टाळायचा, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही.

आणि या मुलाला वडिलांना आंघोळ घालायची होती, खांदा द्यायचा होता, मडकं घेऊन चितेभोवती फिरायचं होतं, अग्नी द्यायचा होता. मी मना केलेलं एकही काम सुटत नव्हतं.

"टोपी सैल ठेवा," मी म्हणाले. "पाणी खांद्यावरून घ्या. बाकी जे करायचं ते सगळं करा. केसांचं मी बघते."

"केसांचं न्हाई ओ मॅडम. आईला माहीत न्हाई. तिनं डोकं बघितलं तर?"

आता हे समजायला थोडं मागं जायला हवं.

प्रशांत रहिमतपूरजवळच्या गावचा, साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला. तिशी ओलांडलेली, ऊस आहे, पगार आहे, स्वभाव चांगला, आणि कपाळ पार टाळूपर्यंत गेलेलं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांना आजार असा काही नसतो, त्यांचं लग्न ठरत नसतं. प्रशांतचं तेच. मुलीकडचे येत, चहा पीत, आणि मुलगा जरा वयानं मोठा वाटतो असं कळवत. बोलून दाखवायची गरज नसे, सगळ्यांच्या नजरा कुठं जात ते त्याला दिसत होतं.

त्याला माझ्याकडे घेऊन आले ते आबा. त्यांचं स्वतःचं डोकं तळहातासारखं गुळगुळीत. खुर्चीत बसल्या बसल्या त्यावरून हात फिरवत म्हणाले, "मॅडम, ह्ये माझ्याकडनंच आलंय ना त्याला? आमचा बाप बी असाच होता."

"हो, बऱ्याचदा घराण्यातून येतं."

"मग ह्ये दुरुस्त करायचं काम बी माझंच. तुमी तारीख सांगा."

अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. मी सांगितलं, की सर्जरीआधी सगळं डोकं झिरो मशीननं साफ करावं लागेल. केस वाढलेले असले तर मुळं नीट काढता येत नाहीत. हे ऐकून प्रशांतनं मान खाली घातली. मला वाटलं, चार दिवस लोकांत कसं दिसायचं याची लाज असेल. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, थोडेच काढून न्हाई का होणार?"

"तुमची जागा मोठी आहे. तुमच्या बाबतीत नाही होणार."

तो वडिलांकडे बघत होता. मग माझ्या लक्षात आलं. मी याच भागात वाढले आहे. बाप हयात असताना मुलानं डोकं करायचं, म्हणजे भादरायचं नाही, हे मला कुणी शिकवलेलं नाही, पण माहीत आहे. मुलगा डोकं करतो ते बाप गेल्यावर, दहाव्याला. आधी केलं तर ते बापाचं मरण बोलावणं.

आबा हसले. "आरं, लोक तिरुपतीला जाऊन करत्यात की. त्यांचं बाप मरत्यात व्हय? मी हाय न्हवं जिता? मी सांगतोय तुला, कर." मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. "फकस्त हिला कळू द्यायचं न्हाई. आमची मंडळी ह्ये लय मानती. कंपनीचं ट्रेनिंग हाय म्हणून सांगतो. केस जरा वर आलं की जाईल घरी."

मला ते पटलं होतं असं नाही, पण मोठी माणसं आपल्या बायकोला काय सांगतात यात डॉक्टरनं पडायचं नसतं. सर्जरी छान झाली. संध्याकाळी आबांनी पट्टी बांधलेल्या पोराकडे बराच वेळ बघितलं, त्याला मित्राच्या खोलीवर सोडलं आणि एसटीनं गावी गेले. त्यानंतर बापलेकांची भेट झाली नाही.

दोन दिवसांनी, गुरुवारी साताऱ्याला जाताना मी वाट वाकडी करून त्यांच्या गावात गेले. पेशंटच्या घरी जायची मला सवय नाही. पण पहिलं डोकं धुणं आम्ही स्वतः करतो आणि सुतकात असलेला मुलगा घर सोडून येणार नव्हता. शिवाय आदल्या दिवशी फोनवर त्याचा आवाज मला बरा वाटला नव्हता.

अंगणात ताडपत्री, तिच्यावर पुरुषमंडळी बसलेली. प्रशांत पुढं आला आणि मीच दचकले. कपाळ फुगलेलं, पापण्या मिटायला आलेल्या. वैद्यकीयदृष्ट्या यात काही नाही. सर्जरीत कपाळापाशी सुन्न करायचं औषध आणि सलाईन टोचतो, ते पाणी तीन-चार दिवसांनी खाली उतरतं आणि आपोआप जिरतं. मी हे प्रत्येक पेशंटला आधी सांगते. पण गावाला कुणी सांगितलं होतं?

मागच्या बाजूला न्हाणीपाशी स्टुलावर बसवून मी त्याच्या खपल्या भिजवू लागले, तेव्हा तो बोलला. स्मशानात चुलत्यांनी, तात्यांनी, त्याला हटकलं होतं. बापाला अग्नी देताना टोपी कसली, काढ. त्यानं काढली. सगळं डोकं भादरलेलं आणि पुढं रक्ताळलेल्या खपल्या. बोलले ते तात्याच. "बाप जिता असतानाच डोकं करून बसलास व्हय रं? मोकळा झालास."

घरी यायच्या आधी ते आईपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी डोळे सुजले, तेव्हा लोकांना वाटलं, मिळाली शिक्षा.

"आई काय म्हणाली?"

"काय न्हाई. त्या दिवसापासनं एक शब्द न्हाई."

मला राग आला. "मी सांगते त्यांना. वडिलांनी माझ्यासमोर सांगितलंय. मी साक्षीदार आहे. सांगून टाकू, विषय संपला."

त्यानं डोकं हलवलं. डोकं हलवायचं नसतं, पण मी ओरडले नाही.

"नको मॅडम. आबांनी सांगितलं म्हणून कळलं, तर ती आबांवर चिडंल. माझ्याशी खोटं बोलून स्वतःचं मरण आणलं म्हणंल. मेलेल्या माणसावर चिडून ती जाणार कुठं? माझ्यावर चिडली तर निदान मी समोर तरी हाय."

"आणि तुम्ही?"

"मी करतो सहन. मला आबांनी परवानगी दिलीय, ह्ये मला माहीत हाय. तेवढं बास की."

तेवढं पुरणार नव्हतं. तिशीतल्या मुलाला आपल्या खांद्यांच्या ताकदीबद्दल फार विश्वास असतो. पण पेशंट नको म्हणाला की माझं तोंड बंद. नियम आहे म्हणून तर आहेच, पण त्या दिवशी त्या नियमाचा मला वीट आला.

मग त्यानं कामाचा प्रश्न विचारला. "दहाव्याला वस्तरा फिरवत्यात. चालंल का?"

मी खरं ते सांगितलं. तोवर मुळं बहुतेक धरलेली असतात, पण कातडी कोवळी असते. वस्तऱ्यानं सोलवटेल, पिकेल, काही केस कायमचे जातील. मागं आणि बाजूला हलक्या हातानं मशीन फिरवा, पुढं काहीच लावू देऊ नका. डॉक्टरांनी मना केलंय म्हणून माझं नाव सांगा.

निघताना आत गेले. त्याची आई घोंगडीवर भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या बायका होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं.

"तुमीच केलं व्हय त्याचं डोकं?"

"हो. मीच डॉक्टर."

"आवं बाई, त्याच्यासंगं कोण आलं हुतं तवा?"

प्रशांत माझ्या मागं दारात उभा होता. मला त्याच्याकडे बघावंही लागलं नाही.

"कुणी नाही," मी म्हणाले. "एकटेच आले होते."

त्यांनी मान हलवली. काहीतरी आशा धरून विचारलं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. कुणाचं तरी दुसऱ्याचं नाव निघेल, पोराला भरीस घालणारा कुणी निघेल. मी ती वाट बंद केली. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. साताऱ्याच्या ओपीडीला उशीर झाला आणि पहिल्या पेशंटवर मी विनाकारण डाफरले.

दहाव्याच्या दुपारी त्याचा फोन आला. "झालं मॅडम. वस्तराच फिरवला."

"पुढंही?"

"सगळीकडं. न्हावी मशीन घेऊन आलता. आई नदीवर बघत उभी होती. मग मीच म्हटलं, वस्तरा घे."

"रक्त आलं?"

"आलं थोडं."

मी त्याला मलम आणि गोळ्या सांगितल्या. 

पुढं काही महिने तो आला नाही. या काळात लावलेले केस गळतात, ते ठरलेलंच असतं. मूळ आत राहतं आणि तीनेक महिन्यांनी त्यातून नवा केस येऊ लागतो. गळती बघून पेशंट घाबरून फोन करतात. प्रशांतनं एकही फोन केला नाही. मी केला की "बरं हाय मॅडम" एवढंच.

वर्षश्राद्ध झाल्यावर तो एकदा विश्रामबागला आला. डोक्यावर टोपी. मी म्हणाले, "दाखवा बघू." त्यानं टोपी काढली. डोकं गोटा. नुकताच वस्तरा फिरवलेला.

मला वाटलं, सगळंच गेलं. मूळ धरलं नाही एकाही ग्राफ्टनं. भिंग लावून बघितलं, तर पुढच्या सगळ्या भागात खुंटं उभी होती. दाट, जाड, सरळ ओळीत. बोट फिरवलं की टोचत होती. वस्तऱ्यानं काहीही बिघडलं नव्हतं. माझ्या हातून इतकं चांगलं काम फार थोड्या वेळा झालं आहे. आमच्याकडे आधीचा आणि नंतरचा फोटो काढतात. माझी असिस्टंट कॅमेरा घेऊन आली आणि बघून परत गेली.

"हे काय हो?" मी म्हणाले. "एवढे आलेत आणि काढता?"

"मधी वाढवले होते एकदा. चांगले दिसत होते, खरंच. पण आईच्या पुढ्यात गेलो की ती उठून आत जायची. आता दर रविवारी करतो. मग वाढती जेवायला."

"बोलतात का?"

"कामापुरतं बोलती. पाया पडलो तर डोक्यावर हात ठेवत न्हाई."

"आता तरी सांगा. वर्ष झालं. नाहीतर मी येते."

त्यानं टोपी हातात फिरवली.

"मॅडम, ती रोज संध्याकाळी दिवा लावती आणि आबांच्या फोटोपुढं बसती. त्यांना माझं गाऱ्हाणं सांगती. बघा, तुमच्या पोरानं काय केलं. तुमच्यासाठी थांबला न्हाई. रोज सांगती. त्यांच्याशी बोलल्याशिवाय तिला घास जात न्हाई."

"आणि तुम्ही ऐकता?"

"बाहेर पडवीत असतो. ऐकू येतं. कवा कवा वाटतं, आबा, आता बोला की काहीतरी."

एवढं बोलून तो रडला. वर्षभरात पहिल्यांदाच असावा. मी भिंग बाजूला ठेवलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तपासणी संपली होती, पण हे त्याला माहीत नव्हतं. किंवा असेलही.

तेव्हापासून मी क्लिनिकमध्ये एक गोष्ट बदलली. घरात कुणापासून लपवून ठेवलं असेल, तर मी मशीन लावत नाही. परवाच बापलेक आले होते, कडेगावकडचे. आईला नंतर सांगू म्हणाले. मी म्हटलं, आधी सांगा, मग तारीख देते. वडील हसून म्हणाले, "मॅडम, मी असताना कशाला काळजी करताय?" मी तारीख दिली नाही. ते दुसऱ्या क्लिनिकला गेले असं ऐकलं.