उडीचं बटण

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. घरात कुणी विचारलं नाही, म्हणून टाळणं सोपंही गेलं.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर तयार माल तपासला. निवृत्त झाल्यावर लेकीने स्वतः बनवलेला मोबाइलवरचा खेळ माझ्या हातात दिला. एक मुलगी डावीकडून उजवीकडे पळते, वाटेत झॉम्बी, म्हणजे चालती मढी, आडवी येतात. शहराच्या पलीकडच्या दरवाजाबाहेर तिचा बाप अडकलेला असतो, त्याला तिने घरी आणायचं. खेळ एका कंपनीला आवडला, तर लेकीला तिथे काम मिळणार होतं.

"अण्णा, तुम्ही कुणाचा माल तसाच सोडला नाय. माझाबी सोडू नका."

चित्रं पाहताना मी खेळायचंच विसरलो. दरवाजाच्या कमानीवर उतरतं पिवळं ऊन, आणि मढ्यांच्या अंगावर आमच्यासारखाच निळा गणवेश. पाळी सुटल्यावर आम्ही तसेच चालायचो, खांदे पाडून. गोष्ट मात्र लंगडी होती. बाप बाहेर गेलाच कशाला?

"व्हय, ते मलाबी अजून कळलं नाय," ती हसली.

मग पहिला खड्डा आला. उडीचं बटण दाबलं, मुलगी खड्ड्यात. पुन्हा दाबलं, पुन्हा खड्ड्यात.

"मढी बिचारी लांबच राहिली," भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "पोरीला तुम्हीच मारायलात."

मी मोबाइल खाली ठेवला. "बटण उशिरा लागतं. रिजेक्ट."

माल नाकारण्याआधी आपलं गेज तपासायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम. मापाचं गेजच झिजलेलं असेल, तर चांगला मालही खोटा ठरतो. त्या दिवशी गेज म्हणजे माझा अंगठा. तो थरथर कापायला लागला होता, आणि ते मला ठाऊक होतं. चहाची बशी मी केव्हाच दोन्ही हातांनी धरू लागलो होतो. सांगायची लाज वाटली.

लेकीने मला जमेपर्यंत उडी संथ केली. कंपनीचं उत्तर आलं: चित्रं छान, खेळ सुस्त. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो. तिने खेळ गुंडाळला आणि दुसरीकडे नोकरी धरली.

यंदा डॉक्टरांनी त्या कापण्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या. हात बराच स्थिर झाला. परवाच्या रविवारी ती खेळ घेऊन आली. बाप आता लेकीसाठी रंगपेटी आणायला दरवाजाबाहेर गेलेला होता. खड्डा आला. मी बटण दाबलं आणि मुलगी अलगद पलीकडे उभी राहिली. मी मोठ्याने हसलो. इतकं मोकळं कधी वाटलं होतं, आठवत नाही.

"हे बटण नवीन का गं?"

"नाय हो. पहिलंच परत बसवलं. असाच नेटवर टाकणार हाय आता, सगळ्यांनी खेळावं म्हणून."

बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मढं आलं. "अण्णा, पळा!" ती ओरडली, आणि मी पळालो.

सांगायचं राहिलं ते एवढंच: पोरी, तुझं बटण पहिल्यापासून बरोबर होतं. खोटा होता तो माझा अंगठा. मला माफ कर.