राईवाडीचं जांभूळ, लिमिटेड

जांभळाच्या झाडाखाली उभं राहून बघा. एक उचलून पदरात टाकेपर्यंत मागे चार पडलेली असतात. आमच्या कंपनीतले किस्सेही तसेच. एक सांगून होतोय तोवर दुसरा पडतो, आणि एकदा अंगावर पडला की त्याचा डाग काही केल्या जात नाही. मित्रमंडळी जमली की "राईवाडीचं सांग ना!" अशी फर्माईश होते. म्हटलं, एकदाचे लिहूनच काढू.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी कोल्हापूर शहरातली. वकिली शिकले दिल्लीत आणि अन्नाच्या कायद्यांचा अभ्यास केला नेदरलँड्समध्ये. तिथल्या दुकानात दुसऱ्या खंडातून आलेली इवलीशी निळी फळं डब्यात टवटवीत बसलेली असायची. ती बघितली की मला आमच्या राधानगरीकडचं जांभूळ आठवायचं. ते सकाळी झाडावरून पडतं आणि संध्याकाळपर्यंत कोल्हापूरलासुद्धा धड पोचत नाही! समुद्र ओलांडून फळ येतं आणि आमचं एक घाट-वळण ओलांडत नाही, हे मला सहनच होईना. शिक्षण संपवलं आणि परत आले.

घरी जाहीर केलं, "मी जांभळं विकणार."

बाबा आयुष्यभर शाळामास्तर. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "निदान आंबे तरी विक!"

राधानगरीकडच्या राईवाडीत बांधाबांधावर जांभळाची झाडं आहेत. बायका फळ वेचायच्या, दुपारी डांबरी रस्त्यावर शेठचा टेंपो यायचा आणि शेठ म्हणेल तो दर. नाही म्हणायची सोय नाही, कारण शेठला घाई नसते, जांभळाला असते! मी गावात जाऊन उत्पादक कंपनी, स्वतःचं लेबल, पुण्याची दुकानं असं तासभर बोलले. बायकांची म्होरकी शालनकाकी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक हंगाम देतो तुला. आमचं फळ आमच्या नावानं पुण्याला पोचलं तर कंपनी. न्हाय तर पुढल्या साली शेठचा टेंपो हाय की!"

(आमच्याकडे बायकाही 'देतो, आलो, गेलो'च म्हणतात. परदेशात माझं 'देते, आले' झालं होतं. बोलण्यातलं ते पहिल्याच आठवड्यात सुटलं.)

तर, हातात एक हंगाम.

* * *

कंपनी नोंदवायची म्हणून देवळात बैठक घेतली. मी नाव वाचून दाखवलं, "राईवाडी महिला फळ उत्पादक कंपनी लिमिटेड."

मागून आवाज आला, "त्ये शेवटचं काय म्हनलीस?"

आवाज हौसाआत्यांचा. गावातल्या सगळ्यात जुन्या वेचणाऱ्या. दात तीन, पण शब्द सगळे शाबूत.

"लिमिटेड, आत्या."

"म्हंजे लिमिटमधी ऱ्हायचं?"

"तसं नाही, जबाबदारी मर्यादित असते, म्हणजे..."

"आगं पोरी, आमी जल्मभर लिमिटमधीच हाय की! त्यातनं भायेर पडायला तुला बोलावलं, आन् तू पाटीवरच लिमिट लिवून आनलीस व्हय?"

अख्खं देऊळ हसलं. मी कायद्याचं कलम सांगितलं, हे नाव लावावंच लागतं म्हटलं. मग आत्यांनी निकाल दिला.

"बरं. कंपनी ऱ्हाऊ दे लिमिटेड. आमी न्हाय!"

* * *

मग संचालक झालेल्या पाच जणींचे बोटांचे ठसे द्यायला तालुक्याच्या केंद्रात गेलो. यंत्र एकीचंही बोट घेईना! वर्षानुवर्षं करवंदाचा चीक, जांभळाचा रंग आणि विळा. बोटावरच्या रेघाच पुसून गेल्या होत्या. केंद्रातला ऑपरेटर म्हणाला, "हात धुऊन या." धुऊन आलो. "चिंच लावून धुऊन या." तेही झालं. यंत्र ढिम्म.

शालनकाकी वैतागली. "काम क्येल्यालं बोट वळखीना, असलं कसलं मिशीन ह्ये? बसून खाणाऱ्याचंच घेतंय व्हय?"

शेवटी डोळ्यांनी ओळख पटवायची ठरली. हौसाआत्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. ऑपरेटर म्हणाला, "आज्जी, हिकडं बघा. नजर हलवू नका. अजून जवळ या. पापणी मिटू नका."

आत्या ताठ बसून राहिल्या आणि ओठही न हलवता म्हणाल्या, "आवर की रं लवकर. आमच्या मालकानं बी कवा एवढं निरखून बघितलं न्हाय!"

ऑपरेटरचाच हात हलला. फोटो पुन्हा काढावा लागला.

* * *

जांभळाचं खरं दुखणं म्हणजे ते उंचावरून पडतं आणि फुटतं. मी लॅपटॉपवर चित्रं दाखवली. परदेशात झाडाखाली जाळं ताणतात, फळ त्यात अलगद पडतं. जाळी कुठून मागवायची, उतार किती अंशांचा ठेवायचा, सगळं सांगितलं. व्याख्यान संपल्यावर हौसाआत्या म्हणाल्या, "म्हंजे झोळी की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक झाडाच्या दोन फांद्यांना जुन्या साड्यांच्या झोळ्या लटकत होत्या. पोराला झोपवायला बांधतात, अगदी तशाच. फळ पडायचं, एक झोका घ्यायचं आणि गपगुमान निजायचं! माझ्या उताराच्या अंशांची कुणाला आठवणही राहिली नाही.

मी हे एका अनुदानाच्या अर्जात लिहिलं. आता अर्जात झोळी कसं लिहायचं? मी लिहिलं, 'सस्पेंडेड टेक्स्टाईल फ्रूट कॅचमेंट सिस्टिम.' महिन्याभरात एक अधिकारी पाहणीला आले. गळ्यात कॅमेरा, हातात फाईल.

"सिस्टिम कुठे बसवली आहे?"

काकीने झाडाकडे बोट दाखवलं. साहेबांनी वर बघितलं, फाईलमध्ये बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"अहो, ही तर झोळी!"

"व्हय," काकी म्हणाली. "इंग्रजीत लई लांब पडती, सायब. मराठीत बांधली की लगीच हुती!"

अनुदान मंजूर झालं. मंजुरीच्या पत्रात मात्र साहेबांनी आठवणीने 'झोळी' असंच लिहिलं.

* * *

लेबल छापायच्या आधी मी ते बायकांना वाचून दाखवलं. "बेस्ट बिफोर" आलं, तसं काकीने थांबवलं.

"म्हंजे काय?"

"या तारखेच्या आधी खाल्लं तर उत्तम."

"आन् जांभूळ म्होरं आल्यावर तारीख बघत बसनारं मानूस हाय कुठं?"

* * *

फळ फुटायचं थांबलं, पण तापायचं काय? थंड खोली बांधायची ऐपत नव्हती. तेव्हा मला गावच्या दूध संस्थेतली गार पाण्याची टाकी दिसली. सकाळचं दूध टँकरमध्ये गेलं की संध्याकाळपर्यंत ती मोकळीच असते. स्टीलच्या कॅनमध्ये जांभळं भरायची आणि कॅन गार पाण्यात उभे करायचे. झालं कोल्ड स्टोरेज! संस्थेचे सेक्रेटरी दत्तूमामा तयार झाले, पण त्यांचा एक नियम होता. कॅन कुणाचाही असो, संगणकात नोंद झाल्याशिवाय आत जायचा नाही.

पहिला कॅन शालनकाकीचा. मामांनी तो काट्यावर चढवला. संगणक विचारू लागला, गाय की म्हैस? तिसरा पर्यायच नाही! मामांनी कॅनमध्ये डोकावून बघितलं आणि बटण दाबलं. छापील पावती बाहेर आली. सभासद शालन, प्रकार म्हैस, फॅट शून्य.

"मामा, म्हैस?" मी ओरडलेच.

"काळं हाय म्हणून म्हैस टाकलं," मामा शांतपणे म्हणाले.

मी हसून भिंतीला टेकले. पण काकीचा चेहरा लाल झाला होता. तिच्या म्हशीच्या दुधाची फॅट गावात सगळ्यात जास्त लागते, तिची मिरवायची गोष्ट ती.

"दत्तू! म्हैस टाक न्हाय तर हत्ती टाक. पन माझ्या नावावर फॅट शून्य? गावात तोंड कुठं दाखवू मी?"

मामांनी मुकाट्याने दुसरी पावती काढली. त्यावर फॅट दहा होती. जगात इतकं कसदार जांभूळ दुसरीकडे कुठे पिकत नसेल!

* * *

डब्याच्या प्रतीत न बसणारं बारीक फळ आम्ही बाजारात नेलं. शालनकाकी आणि मी. तिथे अजून कुठे कुठे रुमालाखालचा सौदा चालतो. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून दर ठरणार, बाकी कुणाला कळणार नाही. कायद्याने हे बंद आहे, लिलाव उघड बोलून व्हायला हवा. ते कलम मी बायकांना इतक्या वेळा वाचून दाखवलं होतं की त्या झोपेतही म्हणाल्या असत्या.

एका गाळ्यावरच्या अडत्याने फळ बघितलं. त्याला पसंत पडलं. सवयीने रुमाल टाकला, हात पुढे केला आणि समोर बाईमाणूस आहे हे लक्षात येऊन गडबडला.

"मावशी, घरचं कुणी गडीमाणूस न्हाय का संगं?"

"कशाला?"

"दर ठरवायचा हाय. हात द्यावा लागतोय."

शालनकाकीचा आवाज तसा बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. बाजाराला तर छप्पर होतं!

"का ओ? दर सांगायची लाज वाटती, आन् हात धरायची न्हाय व्हय?"

आजूबाजूचे सात-आठ गाळे माना वळवून बघायला लागले. अडत्याने रुमाल उचलून स्वतःच्या कपाळाचा घाम पुसला आणि मोठ्यांदा दर बोलला. लगेच शेजारच्याने त्याच्यावर बोली केली. मग तिसऱ्याने. बारीक जांभळाला मोठ्या जांभळाचा दर! आम्ही निघालो तेव्हा मागे पेरूवाला एक म्हातारा शेतकरी आपल्या अडत्याला सांगत होता, "माझा बी तोंडानंच बोल की!"

त्या दिवशी एसटीत मी काकीला म्हटलं, "काकी, मी पाच वर्षं कायदा शिकलो. पण कलम असं वापरायचं असतं हे आज कळलं." काकी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "कलम म्हंजे कसं, झाडाला बसलं तर खरं."

* * *

आणि मग तो दिवस. पुण्याच्या दुकानांची पहिली ऑर्डर. समाजमंदिरात बायका सकाळपासून अर्ध्या-अर्ध्या किलोचे डबे भरत होत्या. प्रत्येकावर आमचं नाव आणि 'निव्वळ वजन ५०० ग्रॅम.' टेंपो दारात. चारला निघायचाच, नाहीतर फळ सकाळच्या दुकानात पोचत नाही. आणि ते पोचलं नाही की हंगाम संपला, कंपनी संपली.

साडेतीनला जीप आली. वजनमापं तपासणारे निरीक्षक उतरले. कुणीतरी तक्रार केली होती की राईवाडीच्या डब्यांवरचं वजन खोटं आहे. "डबे तपासल्याशिवाय गाडी हलणार नाही," ते म्हणाले.

मी निर्धास्त होते. काट्यावर पाचशेला कसं थांबायचं, हे मी स्वतः आठवडाभर शिकवलं होतं!

निरीक्षकांनी पहिला डबा रिकामा करून फळ काट्यावर ठेवलं. पाचशे पंचावन्न. दुसरा, पाचशे सत्तर. तिसरा, पाचशे साठ. त्यांनी आपल्या पेटीतलं प्रमाणित वजन काढून काटा तपासला. काटा चोख होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, डब्यावर छापलंय एक, आत निघतंय दुसरं. तक्रार तर खरी आहे!"

मी गर्रकन वळले. "काकी! मी पाचशेला थांबायला सांगितलं होतं ना?"

"थांबतो की!" काकी म्हणाली. "पाचशेला थांबतो. मग डबा काट्यावरनं उतरवतो. मग वानवळा घालतो."

वानवळा! शेतात जे पिकेल त्यातलं थोडं सोयऱ्याधायऱ्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायचं, त्याचा हिशोब नसतो. सरावाला भरलेल्या डब्यांची झाकणं का बसत नाहीत म्हणून मी चार दिवस डबेवाल्याशी भांडत होते!

"पुण्याचं मानूस हितवर काय येनार न्हाय," हौसाआत्यांनी निरीक्षकांना समजावलं. "मग त्याला वानवळा द्यायचा कुठं? डब्यातच की!"

निरीक्षकांनी कायद्याचं पुस्तक काढलं. बराच वेळ पानं उलटली. चारला पाच मिनिटं होती. टेंपोवाल्याने इंजिन चालू करून ठेवलं होतं.

"कमी भरलं तर काय करायचं, हे सगळं आहे," ते हळूच म्हणाले. "जास्त भरलं तर काय, ते काही सापडत नाही. आजी, हा वानवळा म्हणजे नेमका किती असतो? मला लिहावं लागेल."

आत्यांनी जांभळांच्या पाटीत हात घातला आणि मूठभर जांभळं काट्यावर टाकली. साठ ग्रॅम. निरीक्षकांनी लिहून घेतलं. मग अहवालात एकेक शब्द मोठ्याने वाचत लिहिलं, "छापील वजनापेक्षा कमी भरलेला एकही डबा आढळला नाही." सही केली. शिक्का मारला.

चारला टेंपो सुटला. बायकांनी असा गलका केला की झाडावरची वटवाघळं उठली. शालनकाकी रस्त्याच्या मधोमध उभी होती. टेंपो वळणाआड गेला तरी ती तिथून हलेना. मग पदराने तोंड पुसून मला म्हणाली, "पोचलं म्हन आता पुण्याला!"

निरीक्षक चहा घेऊन जीपकडे निघाले, तेवढ्यात हौसाआत्यांनी त्यांच्या रुमालात जांभळं टाकली. त्यांनी नको नको म्हणत, हसत हसत, सवयीने ती काट्यावर ठेवली. आकडा बघून ते थबकले.

"आजी, मघाशी साठ भरलं. आता नव्वद? हात तर तोच आहे!"

"हात त्योच हाय की," हौसाआत्या म्हणाल्या. "मघाशी तुमी सायब हुतासा. आता पावणं झालासा!"