खंडारे मास्तरांचा चुन्याचा नकाशा

"सरक बे, अकोल्यावर काहून बसून राहिला?"

मी अमरावतीजवळच्या ज्या शाळेत शिकवायचो, तिथे सोमवारची सकाळ खंडारे मास्तरांच्या या ओरडण्याने सुरू व्हायची. शाळेत एकही नकाशा नव्हता. मास्तर सारवलेल्या जमिनीवर चुन्याने अख्खा देश काढत आणि पोरांना भोवती बसवून इतिहास शिकवत. वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आलं, तेव्हा त्यांनी दोनदा सीमा पुसून नव्याने काढली. "आपण जागच्या जागीच आहो लेकहो, रेघ तेवढी सरकली," असं वर सांगायचे.

मग इतिहास-नागरिकशास्त्राच्या साहित्यासाठी सरकारी अनुदान आलं. नकाशे मात्र आले नाहीत. संस्थेच्या सचिवांच्या घरी बैठकीच्या खोलीत सोफा आला, पंखा आला. तपासणीच्या आदल्या दिवशी धामणगावच्या एका शाळेतून नकाशांची पेटी एसटीने आमच्याकडे आली. दाखवून झाली की ती पुढे अकोल्याकडच्या शाळेत जाणार होती. तशी रीतच पडली होती. तपासणी अधिकाऱ्यांनी पानिपतावरचा शाईचा डाग बरोबर ओळखला. "हे तर मागच्या आठवड्यातही भेटले होते," म्हणाले आणि हसत चिवड्याची बशी पुढे ओढली.

नकाशे मिळाल्याची सही रजिस्टरात इतिहासाच्या शिक्षकानेच करायची होती.

"खंडारे, तुमी अजून कायम झाले नाही, ध्यानात आहे ना?" सचिव म्हणाले.

"साहेब, सही म्हंजे काय, हे पोरायले मीच शिकवतो. न आलेल्या नकाशावर मी सही करत नाही."

सचिवांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "घ्या, इतिहासाचे तास आता तुमचे." मीही हंगामीच होतो. मी सही केली.

महिनाअखेर मास्तरांना नारळ मिळाला. स्टँडवर मी त्यांची वळकटी उचलायला गेलो, तर त्यांनी ती स्वतःच घेतली. "मी काही म्हणत नाही बापा. तुमाले बी लेकरं आहेत." चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी येऊन मी साबणाने हात धुतले आणि स्वतःचीच किळस आली.

सोमवारी मी चुना भिजवून जमिनीवर पहिली रेघ ओढली. सचिव नेमके दारात उभे.

"शाळेत नकाशे असताना जमीन काहून खराब करता?"

"नकाशे कुठी आहेत, साहेब?"

त्यांनी रजिस्टर मागवलं आणि पोरांसमोर माझीच सही मला दाखवली. मी फडकं ओलं केलं आणि रेघ पुसली.